मुलगा स्टॉपर खेळतो. फुटबॉलमध्ये डिफेंडरचं करिअर होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही अमळनेरचे. मुलगा 15 वर्षांचा, शाळेच्या संघात स्टॉपर खेळतो, उंची 5 फूट 7 इंच. डिफेंडरला व्यावसायिक फुटबॉलमध्ये काही भवितव्य असतं का? किती वर्षं खेळता येतं, पैसे मिळतात का? खेळाचे सर म्हणतात त्याला फॉरवर्ड करा, गोल मारले तरच नाव होतं. काय करावं?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच आहे. फॉरवर्ड करू नका. सरांचा हेतू चांगला असेल, पण आपल्या देशातलं गणित नेमकं उलटं आहे.

मी स्वतः स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा डिफेंडर. विद्यापीठाकडून खेळलो, मग मुंबईच्या लीगमध्ये एका कंपनीच्या टीमकडून काही सीझन काढले. आता नोकरी भुसावळला, आणि सकाळी मैदानावर पोरं. मोठा खेळाडू मी कधीच नव्हतो. पण ज्यांच्याबरोबर खेळलो त्यातले थोडे वर गेले, बरेच राहिले, आणि का राहिले ते जवळून पाहिलंय.

तर गणित. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, मैदानावर एका वेळी किती परदेशी खेळाडू उतरवायचे याला मर्यादा आहे. 2021-22 च्या सीझनपासून ती चारवर आली. आता तुम्ही क्लबचे मालक आहात असं समजा. चार परदेशी मिळतात, कुठे लावाल? पहिला पैसा स्ट्रायकरवर जातो. मग मधल्या फळीत खेळ रचणारा एखादा, मग एक स्टॉपर. म्हणजे गोल मारायची जागा पाहुण्यानं अडवली, आणि मागच्या चारपैकी दोन्ही साइड बॅक (कडेचे डिफेंडर) आणि दुसरा स्टॉपर बहुतेक वेळा भारतीय. याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला. सुनील छेत्री जून 2024 मध्ये भारताच्या संघातून निवृत्त झाला आणि मार्च 2025 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं. गोल मारणारा दुसरा सापडेना. तुमचं पोरगं आज स्टॉपर आहे तर ते बरोबर रांगेत उभं आहे, त्याला तिथून उचलू नका.

सर कदाचित जर्नेल सिंगचं उदाहरण देतील, जुन्या लोकांना ते आवडतं. 1962 ची जकार्ता एशियाड. भारताचा हा स्टॉपर डोक्याला मार लागून टाके पडलेल्या अवस्थेत होता, तेव्हा कोच रहीमसाहेबांनी त्याला मागे न ठेवता पुढे फॉरवर्डला टाकलं. पठ्ठ्यानं सेमीफायनलला गोल मारला, फायनललाही मारला, आणि दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आपण सुवर्णपदक आणलं. गोष्ट खरी आहे. पण तो आधी आशियातला अव्वल स्टॉपर होता, आणि नंतरही लोकांनी त्याला स्टॉपर म्हणूनच ओळखलं.

आता वयाचं. डिफेंडर उशिरा पिकतो, आणि आपल्याकडच्या पोरांसाठी हीच मोठी सोय आहे. केरळातल्या कोंडोट्टीचा अनस एडथोडिका घ्या. 2007 मध्ये तो मुंबई एफसीकडे आला, नंतर पुणे एफसीकडे. म्हणजे त्याची जडणघडण आपल्या महाराष्ट्रातच झाली. भारताकडून पहिला सामना खेळला तो मार्च 2017 मध्ये, वय 30. त्याच वर्षी जुलैत लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं खेळाडू निवडतात तिथे, जमशेदपूरनं त्याला 1 कोटी 10 लाखांना घेतलं, त्या वर्षीची ती सगळ्यात वरची किंमत. 30 व्या वर्षी पदार्पण करणारे स्ट्रायकर फार शोधावे लागतील.

साधारण हिशेब असा धरा: 18 ते 21 राखीव संघात किंवा खालच्या लीगमध्ये, 23-24 च्या सुमारास वरच्या संघात नियमित, 27 ते 31 ऐन भरात, आणि गुडघे शाबूत असतील तर 34-35 पर्यंत. साइड बॅकचं आयुष्य यापेक्षा थोडं कमी, कारण त्याला दिवसभर वर-खाली पळायचं असतं आणि वेग आधी जातो. स्टॉपर मात्र डोक्यावर खेळतो. पेपे पोर्तुगालकडून 2024 च्या युरोमध्ये 41 व्या वर्षी खेळला. ब्राझीलचा स्टॉपर थियागो सिल्वा 2005 मध्ये रशियात क्षयरोगानं कित्येक महिने दवाखान्यात पडून होता. तोच 2021 मध्ये चेल्सी या इंग्लिश क्लबबरोबर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला, तेव्हा वय 36. ही टोकाची उदाहरणं आहेत हे मान्य, पण सगळ्यात जास्त वयाच्या यादीत गोलकीपरांच्या खालोखाल स्टॉपरच का दिसतात, याचा विचार करा.

"डोक्यावर खेळतो" म्हणजे काय, ते जरा जवळून सांगतो. शाळेच्या सामन्यात डिफेंडर म्हणजे अंगानं दांडगा पोरगा, आला बॉल की हाण पुढे. लोक टाळ्या वाजवतात. मी मैदानावर नवीन आलेल्या पोराला पहिले काही दिवस बॉलला लाथच मारू देत नाही. समोर फॉरवर्ड बॉल घेऊन येतोय. पोरगं त्याच्यासमोर दोन्ही पाय समांतर ठेवून, छाती पुढे काढून उभं राहतं. मी थांबवतो. एक पाय मागे घे, अंग तिरकं कर, वजन पंजांवर, गुडघे थोडे वाकवून. आता तू कोणत्याही बाजूला वळू शकतोस. मघाशी उभा होतास तसा राहिलास तर तुझ्या पायांतून बॉल काढून तो गेला असता. मग नजर. पोरं फॉरवर्डच्या पायाकडे बघतात, आणि पाय फसवतात. कमरेकडे आणि बॉलकडे बघायचं; कंबर खोटं बोलत नाही. त्याला मधोमध येऊ द्यायचं नाही, बाहेर साइडलाइनकडे ढकलत न्यायचं, त्याच्या नावडत्या पायावर. आणि घाई करायची नाही. तुझं काम बॉल हिसकावणं नाही, वेळ खाणं आहे, तोवर आपले दोन गडी मागे येतात.

हे जमलं की पुढचं, जे खरं अवघड: बॉल आपल्या बाजूला नसताना कुठे उभं राहायचं. माझ्याकडचा एक पोऱ्या, घरची केळीची बाग, शाळेत अगदी मागच्या बाकावरचा. बॉल पलीकडच्या कोपऱ्यात असला की हा दर दोन-तीन सेकंदाला मान वळवून मागे बघायचा: आपला गडी कुठे, लाइन कुठे, गोलकीपर किती पुढे. कोणी शिकवलं नव्हतं. त्याची ती मान बघून मी त्याला स्टॉपर केलं. पळण्यात त्याच्यापेक्षा चपळ दहा जण होते. तुमच्या मुलाचा सामना बघायला जाल तेव्हा बॉलकडे बघू नका, फक्त त्याच्या मानेकडे बघा. बॉल लांब असताना तो उभा राहून सामना बघत असेल तर कच्चा आहे. मान फिरत असेल तर त्याच्यावर पैसे घालायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट पाय. 1992 मध्ये नियम बदलला: आपल्याच गड्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना. 2019 मध्ये आणखी एक बदल झाला, गोल किकला बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर जाण्याची वाट न बघता आतच पास घेता येऊ लागला. या दोन नियमांनी स्टॉपरचा धंदाच बदलून टाकला. आता खेळ मागून सुरू होतो. दोन्ही पायांनी, दाब असताना, 30-40 मीटरचा पास देता येत नसेल तर ट्रायलला पहिल्या अर्ध्या तासात बाहेर. मुलगा डावरा असेल तर नशीब समजा. डाव्या पायाचे स्टॉपर जगभर कमी आहेत आणि प्रत्येक कोच शोधत असतो.

उंचीचं म्हणाल तर 15 व्या वर्षी 5 फूट 7 इंच हे काही शेवटचं माप नाही. लिव्हरपूलचा स्टॉपर व्हर्जिल व्हॅन डाइक सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत बेताच्याच उंचीचा होता, राखीवमध्ये बसायचा, नेदरलंड्समधल्या ब्रेडा गावात एका हॉटेलात भांडी घासायचा. मग एकदम उंच झाला. तरीही ज्या क्लबात वाढला त्यानं वरच्या संघासाठी करार दिला नाही. ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउथॅम्प्टन करत जानेवारी 2018 मध्ये 7 कोटी 50 लाख पाउंडांना लिव्हरपूलला पोचला. आणि समजा नाहीच वाढला, तरी 2006 ला इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलून त्याच वर्षी बॅलन डी ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, नेणारा स्टॉपर कानावारो 1.76 मीटरचा, म्हणजे पावणेसहा फुटांच्या जेमतेम वर. फार तर साइड बॅक होईल. आपल्याकडे साइड बॅकच्या जागा जास्तच आहेत.

आता आपल्या खान्देशचं. अकादम्यांचं पीक आलेलं नाही, स्काउट इकडे फिरकत नाहीत, आणि मैदान म्हणाल तर काळी माती: पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर दगड. बहुतेक जण याची रड लावतात. मला त्यात एक फायदा दिसतो. अशा जमिनीवर स्लाइडिंग मारली, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढला, की मांडी सोलून निघते, त्यामुळे आपली पोरं आपोआप पायावर उभं राहून बचाव करायला शिकतात, आणि मोठ्या पातळीवर कोचला तेच हवं असतं. तोटाही तिथेच आहे. कडक जमिनीवर बॉल उंच टप्पा घेतो, तर ओल्या गवतावर किंवा टर्फवर तो टप्पा न घेता सर्रकन घसरत जातो. आपलं पोरगं मुंबईला ट्रायलला जातं, सवयीनं बॉलचा टप्पा पडायची वाट बघतं, आणि तेवढ्यात फॉरवर्ड त्याच्या मागून निघून गेलेला असतो. चांगली पोरं मी याच एका गोष्टीवर बाहेर पडताना पाहिली आहेत. ट्रायलच्या आधी दोन-चार दिवस तरी टर्फवर, पाणी मारून, खेळून घ्या. जळगाव-धुळ्यात आता तासावर मिळणारी छोटी टर्फ झाली आहेत, तेवढ्यानंही पायाला अंदाज येतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र सकाळी साडेआठनंतर पोरगं मैदानावर ठेवू नका. भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, त्यात पळून कोणी कणखर होत नाही, फक्त आजारी पडतं.

पण 17-18 पर्यंत बाहेर पडावंच लागेल, हे आत्ताच घरात बोलून ठेवा. वहिनींना हे पटवणं ट्रायलपेक्षा अवघड आहे, ठाऊक आहे. शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी आहेच. सुब्रतो कप हीही शाळांचीच स्पर्धा. सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. मुंबई-पुण्याच्या क्लबांचे वयोगटाचे संघ आहेत, गोव्याचे आहेत. कोलकात्याला जायचं तर गीतांजली आपल्या भुसावळलाच थांबते. फुटबॉलच्या पट्ट्यात जन्मलं नाही म्हणून काही अडत नाही. भारताचा स्टॉपर संदेश झिंगन चंदीगडचा. 2011 मध्ये थेट सिक्कीमला जाऊन दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळला, 2014 ला केरळ ब्लास्टर्सनं घेतला, पहिल्याच सीझनला उगवता खेळाडू म्हणून बक्षीस, 2020 ला अर्जुन पुरस्कार. आपला मुंबईचा राहुल भेके तर मराठी पोरगा, डिफेंडर, आणि 2019 च्या लीग फायनलमध्ये जादा वेळेत, 117 व्या मिनिटाला, कॉर्नरवर हेडर मारून बंगळुरूला विजेतेपद त्यानंच दिलं. गोल मारले तरच नाव होतं ना? घ्या.

पैशांचं सरळ सांगतो. कोटीचे आकडे मोजक्यांचे. खालच्या लीगमध्ये पगार सीझनपुरता असतो, करार एका-दोन वर्षांचे, आणि दुखापत झाली की पुढचा करार नक्की नाही. त्यात आपल्या फुटबॉलचा कारभार असा, की 2025 मध्ये देशाची फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा प्रश्न सुटेना म्हणून सगळ्यात वरची लीगच वेळेवर सुरू झाली नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. भारताकडून खेळलेली माणसं घरी बसली होती. म्हणून मी प्रत्येक बापाला सांगतो, दुसरं दार उघडं ठेवा. रेल्वे, सेनादल, पोलीस यांचे संघ आहेत. रेल्वे आणि सेनादल तर संतोष ट्रॉफीला, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेला, राज्यांच्या बरोबरीनं उतरतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. यासाठी बारावी आणि पदवी लागते, आणि प्रमाणपत्रं जपून ठेवावी लागतात. भुसावळात राहून रेल्वेच्या नोकरीला कमी लेखणारा माणूस मला तरी भेटला नाही. शिकवण्याचा रस्ताही आहे. फेडरेशनचं डी लायसन्स, मग सी, मग आशियाई पातळीचं बी. डिफेंडर कोच बरे होतात, कारण सगळा खेळ त्यांच्या समोर चालू असतो. भारताकडून स्टॉपर खेळलेले महेश गवळी आणि गौरमांगी सिंग दोघेही पुढे कोचिंगमध्येच गेले.

शरीराचं बोलायला लोक टाळतात, मी टाळणार नाही. तीन गोष्टी.

गुडघा. वळताना, उडी मारून उतरताना आतला लिगामेंट तुटतो, ज्याला सगळे एसीएल म्हणतात. ऑपरेशन, आणि परत यायला नऊ महिने ते वर्ष. झिंगनचा 2019-20 चा अख्खा सीझन गुडघ्यामुळे गेला. व्हॅन डाइकचा 2020 मध्ये गेला. दोघेही परतले, पण त्यांच्यामागे क्लबचे डॉक्टर होते. आपल्या पोरांनी मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि एका पायावर उतरायचा सराव आत्तापासून करावा. जिम लागत नाही, ओसरी पुरते.

हृदय. अन्वर अली, 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकातला स्टॉपर. 2019 मध्ये क्लबच्या तपासणीत हृदयाचा दोष निघाला, फेडरेशननं खेळ थांबवायला सांगितलं, प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं. तो परतला आणि 2022 मध्ये भारताकडून खेळलाही. पण तुम्ही काय करायचं, तर पोरगं जोरात खेळायला लागण्याआधी एकदा ईसीजी आणि इको करून घ्यायचं. जळगावात होतं.

आणि डोकं. हे खास डिफेंडरचं दुखणं आहे. ग्लासगो विद्यापीठानं स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. 2019 ला दिसलं की मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट आहे. 2021 ला जागेनुसार पाहिलं तर सगळ्यात जास्त धोका डिफेंडरना, साधारण पाच पट. गोलकीपरना मात्र सामान्य माणसाइतकाच. ते जड चामड्याच्या बॉलच्या काळातले खेळाडू होते हे खरं, पण संशय हेडरवरच आहे. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेतल्या पोरांना सरावात हेडर नाही. मी माझ्याकडे तंत्र हलक्या बॉलवर शिकवतो: मान ताठ, कपाळानं, डोळे उघडे. आणि आठवड्यात मोजकेच खऱ्या बॉलवर. कोणी कोच तुमच्या मुलाकडून रोज हेडरचा रतीब घालून घेत असेल तर जाऊन बोला. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ बंद, सामना फायनल असला तरी. जर्नेल सिंगचा काळ वेगळा होता, भो.

खाण्याबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण सगळे पावडरच्या डब्यांवर पैसे घालतात. केळी आपल्या दारात आहेत, कळण्याची भाकरी आहे, मूग-मटकी, दूध, अंडी. सामन्याच्या आदल्या रात्री शेवभाजी नको, एवढंच. तर्री पचायला सकाळ उजाडते.

आता लगेच काय करायचं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हीवर नाव आणि तारीख अक्षर न अक्षर सारखी करून घ्या. फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत यावरून अर्ज अडकतात. वय कमी दाखवून एखादी स्पर्धा खेळवू असं कोणी सुचवलं तर त्याला घरी चहाही देऊ नका; वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वय तपासतात. ट्रायलच्या नावाखाली आगाऊ हजारो रुपये मागणाऱ्यांचेही फोन येतील. नावाजलेला क्लब पोरगं आवडलं म्हणून पैसे मागत नाही.

त्याच्या शाळेच्या सामन्यांचे व्हिडिओ काढा, पण स्टँडमधून थोडं उंचावरून, आणि कॅमेरा बॉलमागे फिरवू नका. पूर्ण बचावफळी फ्रेममध्ये दिसली पाहिजे. फॉरवर्डचे वडील तीस सेकंदांचे गोल पाठवतात. स्टॉपरचा कोच सलग पंधरा मिनिटं बघायला मागतो. आणि बूट घेताना लांब स्टडचे (तळाला खुंट्या असतात त्या) घेऊ नका, आपल्या जमिनीत ते रुतत नाहीत आणि सगळा दणका टाचेला बसतो. आखूड, भरपूर रबरी स्टड असलेले घ्या, पुढे अंगठ्याला नखभर जागा सोडून.